वाघाने बकरी नेमकी कधी मारली?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी युद्ध झाले. फटाक्यांवरून नव्हे, फराळाच्या डब्यावरूनही नव्हे. ओसरीवरच्या सतरंजीवर दोन सैन्ये समोरासमोर उभी होती आणि एका अंगठ्याएवढ्या शिपायावरून दोन मामे-आतेभावांनी अर्धा दिवस अबोला धरला.

तर झाले असे. नणंदबाई बंगळूरहून सहकुटुंब आदिलाबादला आल्या. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एक भलीमोठी पेटी घेऊन आला होता. पेटीत प्लास्टिकचे बारीक बारीक शिपाई. प्रत्येकाला त्याने स्वतः बारीक कुंचल्याने रंग दिलेला, प्रत्येक जण एका गोल चकतीवर चिकटवलेला. सोबत इंचाची टेप, मूठभर फासे आणि नियमांचे जाडजूड इंग्रजी पुस्तक. पटावर चौकटी नाहीतच. टेबल म्हणजे रणांगण, पुस्तकांची चळत म्हणजे डोंगर. टेपने मोजून शिपाई पुढे सरकवायचा आणि वार लागला की नाही ते फाशावरून ठरवायचे. माझ्या मुलाने अंगणात मातीचा किल्ला केला होता. त्यावरचे मावळे त्याने खाली उतरवले आणि घाटावरच्या मावळ्यांची सातासमुद्रापलीकडच्या चिलखतवाल्यांशी लढाई जुंपली. शिवाजीमहाराज तेवढे किल्ल्यावर सिंहासनावर बसून होते.

पहिला तासभर छान गेला. बाण दुरून सोडायचे असल्याने भांडायला जागा नव्हती. टेप सांगेल ते अंतर, फासा सांगेल तो निकाल. पण लढाई हातघाईवर आली आणि सगळे बिनसले. भाच्याचे दोन तलवारवाले माझ्या मुलाच्या एका मावळ्यावर चालून गेले. एकाची चकती मावळ्याच्या चकतीला टेकली. दुसऱ्याला जागाच उरली नव्हती. तो आपल्या सोबत्याच्या मागे, त्याला टेकून उभा राहिला. भाच्याचे म्हणणे, दोघे लढताहेत, मला दोन फासे. मुलाचे म्हणणे, टेकला एकच, तर फासा एकच. शिवाय माझ्या मावळ्याच्या पाठीशीही दुसरा मावळा उभा आहे, त्याचे काय? भाचा म्हणाला, तो मागे आहे, तो कुठे लढतोय? पुस्तक उघडले. पुस्तकात लिहिले होते, संपर्कात असलेला शिपाई लढतो. आता संपर्क कोणाशी? शत्रूशी की स्वतःच्या माणसाशी? पान उलटून पाहिले, मागचे पाहिले. उत्तर नाही.

मग भाच्याने ते वाक्य उच्चारले, जे आमच्यासारख्या दोन भाषांच्या घरांत फार जपून उच्चारायचे असते. "आमच्याकडे असंच खेळतात."

पेटी बंद झाली. एकाने चकली माजघरात खाल्ली, दुसऱ्याने गच्चीवर.

अज्जीचा एकच प्रश्न

माझ्या सासूबाई भालकीकडच्या. घरात कानडी आणि मराठी अशा मिसळलेल्या की कुठले वाक्य कुठल्या भाषेत सुरू होऊन कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नाही. मुले त्यांना अज्जी म्हणतात. त्या कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. इंग्रजी पुस्तक त्यांना वाचता येत नाही आणि चिलखतवाले कोण, कुठले, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांनी मावळ्याकडे बोट करून विचारले, "हिंदे यार इद्दारे? मागं कोण आहे त्याच्या?"

मला हसू आले, कारण हा प्रश्न मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच श्रावणात ऐकला होता. तेव्हा समोर होता वाघ-बकरीचा पट.

आपल्या वाचकांत हा खेळ माहीत नसलेली आजी क्वचितच सापडेल. नातवंडे मात्र पुष्कळ सापडतील, म्हणून थोडे सविस्तर सांगते. मराठीत वाघ-बकरी, कानडीत आडु-हुली, इथल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे पुली-मेका. आमच्या गल्लीत तिन्ही नावे चालतात. जमिनीवर खडूने पट काढायचा. वर एक शेंडा, शेंड्यापासून खाली पायथ्यापर्यंत पसरत जाणाऱ्या चार रेषा. त्यांना छेदणाऱ्या तीन आडव्या रेषा, दोन्ही बाजूंना थोड्या बाहेर काढलेल्या, आणि बाहेर आलेली त्यांची टोके उभ्या रेषेने जोडलेली. पायथ्याला एक आडवी रेषा. मोजा : शेंड्याचे एक घर, तिन्ही आडव्या रेषांवर सहा-सहा, पायथ्याला चार. एकूण २३. वाघ तीन, बकऱ्या पंधरा. वाघांना गोटे, बकऱ्यांना चिंचोके.

एक वाघ शेंड्यावर आणि दोन त्याच्या खालच्या ओळीत बसवून सुरुवात करतात. बकरीवाला दर खेपेला एक बकरी मोकळ्या घरात ठेवतो, वाघवाला दर खेपेला एक वाघ हलवतो. पंधराच्या पंधरा पटावर येईपर्यंत बकऱ्यांनी जागचे हलायचे नाही. वाघाच्या शेजारी बकरी असेल आणि त्याच रेषेत तिच्या पलीकडचे घर रिकामे असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि बकरी उचलली जाते. पलीकडे दुसरी बकरी असली तर वाघ नुसताच बघत बसतो. तिन्ही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

म्हणजे बकरीचे मरण वाघाच्या ताकदीवर नाही. तिन्ही वाघ सारखेच ताकदवान आणि पंधराही बकऱ्या सारख्याच दुबळ्या. मरण ठरते ते पाठीमागच्या घरावर. हिंदे यारू इल्ला, मागे कोणी नाही, की गेली.

माहेरचा वाघ, सासरची बकरी

माझे माहेर किनवटचे. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा तो मुंबई राज्यात नांदेडकडे गेला, राजुराही गेला, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले आणि सासूबाईंचे बिदर म्हैसूरमध्ये. एकाच राज्यातल्या सोयरिकी तीन राज्यांत पांगल्या. पुढे २०१४ मध्ये तेलंगणा झाला आणि २०१६ मध्ये आदिलाबादचेही चार जिल्हे झाले. एवढ्या वाटण्यांत खेळाचे नियम तरी एकसारखे कसे राहणार?

आमच्या माहेरी वाघाला जोडउडी होती. एक बकरी मारून जिथे उतरला तिथून दुसरी सापडत असेल तर त्याच खेपेत तीही मारायची. सासूबाईंकडे एका खेपेला एकच उडी. मी नवी सून, पहिल्या श्रावणातल्या दुपारी वाघ घेऊन बसले आणि ऐटीत दोन बकऱ्या उचलल्या. सासूबाईंनी एक शांतपणे परत ठेवली. "आमच्याकडे असं नसतं." मी म्हटले, "आमच्याकडे असतं." नंतरचे चार दिवस स्वयंपाकघरात भांडीच काय ती बोलत होती.

आता इतक्या वर्षांनी, निम्मे आयुष्य बकऱ्या खेळून झाल्यावर, माझे मत सांगते. सासूबाईंचा नियम बरा. जोडउडी असली की पंधरा बकऱ्या थिट्या पडतात. एका चुकीला दोन जीव जातात आणि बकरीवाला डाव अर्ध्यावर सोडून चहा टाकायला उठतो. माहेरच्यांनी मला माफ करावे. नेपाळात याच जातीचा बाघचाल नावाचा खेळ आहे. तिथे २५ घरे, चार वाघ, वीस बकऱ्या, आणि पाच बकऱ्या मारल्या की वाघ जिंकला असे धरतात. आपल्याकडे किती मेल्यावर वाघ जिंकला, हे घरोघरी वेगळे. कुठे पाच, कुठे सहा, आणि काही घरांत वाघवाला "आता पुरे" म्हणेपर्यंत.

सासूबाईंकडून मिळालेली खरी विद्या मात्र वेगळी. पटावर अशी काही घरे आहेत जिथे बसलेल्या बकरीला कोणताच वाघ कधीच मारू शकत नाही. कारण त्या घरातून जाणारी प्रत्येक रेषा तिथेच संपते, पलीकडे उतरायला जागाच नाही. शेंडा एक, बाहेर काढलेल्या चौकटीचे चार कोपरे, पायथ्याची दोन टोके. अशी सात घरे. पट काढून स्वतः बोटाने ताडून पाहा. पहिल्या बकऱ्या तिथे बसवायच्या आणि मग त्यांच्या आधाराने एकेक करून आत सरकायचे. अर्थात सात घरांत पंधरा बकऱ्या मावत नाहीत. आठ जणींना उघड्यावर यावेच लागते, आणि डाव खरा तिथेच रंगतो.

बुद्धिबळात हे असे नसते. तिथे घोडा हत्तीच्या घरात जाऊन बसला की हत्ती गेला, मागे कोणी असो वा नसो. पण जुने खेळणारे मोहरे मारण्याआधी एक शब्द हमखास विचारतात, "जोर आहे का?" म्हणजे ते मारल्यावर त्याचा वचपा काढणारे दुसरे मोहरे तयार आहे का? शब्द वेगळा, प्रश्न सासूबाईंचाच.

साहेबाचीही तीच अडचण

त्या दुपारी मुलांचा अबोला सुटेना, म्हणून मी त्यांना एका साहेबाची गोष्ट सांगितली. एच. जी. वेल्स हे इंग्रज कादंबरीकार. काळयंत्र आणि मंगळावरचे लोक यांच्या त्यांच्या गोष्टी पुष्कळांना ठाऊक असतील. या गृहस्थांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्यात शिशाचे शिपाई आणि लाकडी गोळ्या उडवणारी खेळण्यातली तोफ घेऊन घरातल्या जमिनीवर लढाई कशी खेळायची, याचे नियम आहेत. भाच्याच्या पेटीतला खेळ त्याच वंशातला.

वेल्ससाहेब तोफेवर फार खूश होते. गोळी लागून शिपाई आडवा पडला की मेला, वाद नाही. पण शिपाई शिपायाला येऊन भिडला की काय, हा घोळ त्यांनाही पडला. आधी नशिबावर सोडून पाहिले, तर एखादा शूर शिपाई नुसत्या दैवाच्या जोरावर समोरची रांग कापत सुटायचा. ते त्यांना पटले नाही. शेवटी त्यांनी ठरवले ते असे. दोन तुकड्या भिडल्या की आधी एक गोष्ट बघायची : यातली कुठली एकटी पडलेली आहे का? एका चालीच्या अंतरात आपल्या बाजूची, तिच्या संख्येच्या निम्मी तरी माणसे नसतील, तर ती तुकडी एकटी. पाठीशी माणसे असतील तर माणसास माणूस असे दोन्हीकडचे पडतात. एकटी पडलेली तुकडी मोठ्या तुकडीच्या तावडीत सापडली तर तिची माणसे कैदही होतात.

मी हे सांगत असताना सासूबाईंनी वाती खाली ठेवल्या. "म्हणजे आडु-हुलीच की," त्या म्हणाल्या.

वेल्ससाहेबांच्याही आधी, १८२४ मध्ये, प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा युद्धाचा खेळ तयार केला होता. त्यात फासे होतेच, पण दोन्ही पक्षांखेरीज एक पंचही बसायचा. वाद झाला की पंच सांगेल ते खरे. आजकालच्या पेट्यांतून हा पंच गायब झाला आहे. त्याची जागा जाड पुस्तकाने घेतली. पण पुस्तकाला वरून विचारता येत नाही, "तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?"

झाकणावरचा कागद

संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर सासूबाई पंच झाल्या. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवले आणि मला वहीचा कागद घेऊन बसायला सांगितले. अट एकच : "आमच्याकडे" हा शब्द उच्चारायचा नाही.

पहिला प्रश्न, भिडले म्हणजे काय? बरीच घासाघीस होऊन ठरले की चकती चकतीला टेकली तरच हातघाई. केसाएवढीही फट दिसली तर नाही. तसेच भिडायला निघतानाच "मी याच्यावर चाललो" असे मोठ्याने सांगायचे. चाल झाल्यावर, बघता बघता टेकला, असे चालणार नाही. आधी वार कोणाचा? चालून आलेल्याचा. हे पुस्तकातही होते आणि त्यावर दोघांचे एकमत होते, म्हणून पुढे गेलो.

मग तो मूळचा वाद. शत्रूला न टेकता नुसता आपल्या सोबत्याला टेकलेला शिपाई लढतो का? भाच्याने पुन्हा पुस्तक काढले. सासूबाईंनी ते मिटवून बाजूला ठेवले. त्या म्हणाल्या, मागच्या बकरीने कधी वाघाला मारले आहे का? नाही. पण ती मागे आहे म्हणूनच पुढची जगते. तेव्हा मागचा गडी वार करणार नाही, पण पुढच्याला जोर देईल. मी कागदावर लिहिले : मागे आपला गडी टेकलेला असेल तर पुढच्याला जोराचा एक फासा जास्त. मागे दोघे-तिघे असले तरी जोर एकच, नाहीतर मुले शिपायांच्या आगगाड्या करतील. (त्या करणार होतीच. मुलाच्या डोळ्यांत दिसत होते.)

गंमत पुढे झाली. हा नियम लावून मोडलेला डाव जसाच्या तसा मांडला. भाच्याच्या तलवारवाल्यामागे त्याचा सोबती, म्हणून त्याला दोन फासे. मावळ्यामागेही मावळा, म्हणून त्यालाही दोन. अर्धा दिवस दोघे ज्या फाशासाठी भांडले, तो दोघांनाही मिळाला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि फुटले.

पळण्यावरून पुन्हा थोडी जुंपली. हातघाईत अडकलेल्या शिपायाला बाण सोडता येत नाही, हे मान्य. पण त्याला पाठ फिरवून निघून जायचे असेल तर? मुलगा म्हणाला, जाऊ द्यावे, गनिमी कावा आहे. भाचा म्हणाला, मग माझा शिपाई काय टाळ्या वाजवणार? शेवटी ठरले, जायचे तर जा, पण जाताना समोरच्याला पाठीवर एक फुकटचा वार. अशा बहुतेक खेळांत हाच नियम असतो, हे भाच्याने नंतर कबूल केले. पण तो स्वतः ठरवल्याने त्याला जास्त आवडला.

शेवटी मी माझ्या बाजूने दोन ओळी जोडल्या, कारण चार दिवसांच्या अबोल्याचा अनुभव माझा होता. कागदावर नसलेला वाद उभा राहिला तर दोघांनी एकेक फासा टाकायचा, ज्याचा मोठा त्याचे खरे, आणि डाव पुढे चालू. त्याचा पक्का नियम डाव संपल्यावर लिहायचा आणि तो पुढच्या डावापासून लागू. चालू डावात नियम बदलणे म्हणजे रडीचा डाव खडी. कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. अर्धा मराठीत, अर्धा भाच्याने कानडी अक्षरांत लिहिलेला.

कल्याणीपासून निर्मळपर्यंत

पट मांडून लढणे ही काही साहेबाकडून उसनी आणलेली गोष्ट नाही, हे दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या घरांनी तरी विसरू नये. बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या नावावर असलेल्या, ११२९च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींत बुद्धिबळाचे आणि फाशांच्या खेळांचे वर्णन आहे. त्याच ग्रंथात मराठी पदांचे जुने नमुनेही सापडतात. कानडी मुलखातला राजा, संस्कृत ग्रंथ आणि आत मराठी पदे! आमच्या सासूबाईंचे बोलणे यापेक्षा काही वेगळे नाही. पुढे म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांना (१७९४-१८६८) पटावरच्या आणि पत्त्यांच्या खेळांचे वेड होते.

आणि छोट्या मूर्तींचे म्हणाल, तर त्याही आपल्या दाराशी आहेत. निर्मळ २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. तिथले नकाश कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची जनावरे, पाखरे, फळे करतात. लाकडाचा भुसा आणि चिंचोक्यांची खळ यांच्या लगद्याने सांधे बुजवून वर चकचकीत रंग देतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे निर्मळला गेलो आणि सासूबाईंनी तीन लाकडी वाघ विकत घेतले. बकऱ्या घेऊया का विचारले, तर म्हणाल्या, "बकऱ्या कशाला? चिंचोके आहेत घरात."

वाघ आमच्याकडे पटावरच आहेत असेही नाही. कवालचे जंगल २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले आणि पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून आदिलाबादच्या शिवारात येतात. गुराखी पोरांना विचारा, कळपातून मागे राहिलेल्या जनावराचे काय होते. त्यांना हा नियम कागदावर लिहून द्यावा लागत नाही.

भाचा परत जाताना शिपायांच्या पेटीत एक लाकडी वाघ घेऊन गेला. पंधरा दिवसांनी बंगळूरहून फोन आला. मागे चार-पाच पोरांचा गलका ऐकू येत होता. "मामी, अज्जीला दे लवकर." सासूबाईंनी फोन कानाला लावला. पट मांडला होता आणि वाद शेंड्यावर होता. एका बाजूच्या रेषेवरून चढत आलेला वाघ, शेंड्यावरच्या बकरीवरून उडी मारून दुसऱ्या बाजूच्या रेषेवर उतरू शकतो का?

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "रेष तिथं मोडते. वाघ सरळ उडी मारतो, वळून नाही." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "वाघ कोणाचा आहे?"

"माझाच," तिकडून आवाज आला.